अर्ध्या छपराचं घर

हामूंगाचे कान सुपाएवढे होते, हे त्याची बायकोही कबूल करायची. पण त्या कानांवरच घर चालत होतं. नदीकाठच्या स्टेशनात तो डबे तपासणारा होता. लांब दांड्याची हातोडी घेऊन मालगाडीच्या कडेने चालायचं, एकेका चाकावर टोला द्यायचा आणि ऐकायचं. चाक धड असलं तर खणखणीत वाजतं. कुठे चीर असली तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो, आणि मग त्या डब्यावर खडूने फुली मारायची. एकोणीस वर्षं तो हे करत होता. फुली मारल्याबद्दल त्याला कोणी बोललं नव्हतं, आणि न मारल्याबद्दल बोलायची वेळ त्याने येऊ दिली नव्हती.

ती वेळ आणली वाळीत टाकण्याने. मूठभर गोऱ्यांनी ‘राज्य आमचंच राहणार’ म्हणून विलायतेशीसुद्धा फारकत घेतली, तेव्हा जगातल्या देशांनी एकत्र बसून ठरवलं की या ऱ्होडेशियाशी कोणी देवघेव ठेवायची नाही. त्याला आता बारावं वर्ष लागलं होतं. वाळीत टाकलेल्या घराचं जे होतं तेच झालं. पुढच्या दाराने कोणी येईना आणि मागच्या दाराने सगळे येत होते. तंबाखूच्या गठ्ठ्यांवरचं देशाचं नाव खरवडून दुसऱ्याच कुठल्या देशाचं नाव छापायचं, आणि माल गुपचूप रवाना करायचा. नाव पुसायचं काम हामूंगाच्या डोळ्यांसमोर यार्डात चालायचं, आणि पुसणारा गोरा कारकून असं तोंड करायचा की जणू स्वतःच्याच बापाचं नाव पुसतोय. पण तंबाखू चोरून जात होता तशी रेल्वेची चाकं चोरून येत नव्हती. जुनी चाकं झिजत गेली, त्यांना चिरा पडत गेल्या, आणि हामूंगाच्या फुल्या वाढत गेल्या.

“हे बघ,” फोरमन बॅरेट साहेब एक दिवस त्याला बाजूला घेऊन म्हणाला, “तू असाच फुल्या मारत बसलास तर वर्षभरात यार्डात एकही डबा उरणार नाही. जरा कमी ऐकत जा.”

“कमी कसं ऐकायचं साहेब?”

“तुझ्या बायकोचं ऐकतोस तसं.”

हामूंगा हसला. साहेब विनोद करतो तेव्हा हसायचं असतं. पण त्या दिवशी त्याने बद्द वाजणाऱ्या दोन चाकांवर बरोबरची खूण केली, आणि घरी जाऊन नीट जेवला नाही. ते डबे पूल ओलांडून जाणार होते, आणि पुलापलीकडे त्याची आई होती.

पूल कसला, दोन कड्यांच्या मध्ये टांगलेली लोखंडी कमान. एका अंगाला धबधबा, त्याचा धूर आभाळाला भिडलेला, आणि खाली इतक्या खोल नदी की ती दिसते पण ऐकू येत नाही, कारण धबधबा दुसरं काही ऐकूच देत नाही. अलीकडे ऱ्होडेशिया, पलीकडे झाम्बिया. चालत दहा मिनिटांची वाट. हामूंगा लग्न करून अलीकडे आला तेव्हा त्याला आपण परदेशात आलो असं वाटलंही नव्हतं. दर शनिवारी तो आईकडे जायचा, दर रविवारी संध्याकाळी परतायचा.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत वादळाने आईच्या झोपडीचं अर्धं छप्पर उडवलं. त्या शनिवारी हामूंगा वर चढला, उडालेल्या बाजूचं कुजकं गवत त्याने ओढून काढलं, वासे मोकळे केले आणि खाली उतरून आईला म्हणाला, “पुढच्या शनिवारी नवं गवत बांधतो. आठ दिवस कळ काढ.”

“आठ दिवस पाऊस थांबेल, असं त्याला सांगून आलायस का?” आई म्हणाली. ती भोपळ्याच्या लांब चिलिमीतून गुरगुर करत तंबाखू ओढत होती. त्यांच्यात म्हाताऱ्या बायकांनी चिलीम ओढायची रीतच आहे, आणि तिची चिलीम कधी विझलेली कोणी पाहिली नव्हती.

गवत बांधायला लागणारी झाडाच्या सालीची दोरी पलीकडे मिळत नव्हती, म्हणून ती आणायला हामूंगा अलीकडे आला. रविवारी आला, आणि मंगळवारी सरहद्द बंद झाली. पलीकडून बंदूकवाले येतात म्हणून रागाच्या भरात ऱ्होडेशियाच्या सरकारने दार लावलं. महिन्याभरात आपलंच नुकसान होतंय हे कळल्यावर उघडलं, तर आता पलीकडच्यांनी आतून कडी घातली. म्हणाले, वाळीत टाकलंय तर पुरतं टाकू. त्यांचं काही चुकलं असं हामूंगाला वाटत नव्हतं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही कडी घातली असती. फक्त त्या कडीच्या चुकीच्या बाजूला तो उभा होता आणि हातात दोरीचं भेंडोळं होतं.

बंदी माणसांना होती. मक्याला आणि कोळशाला नव्हती, कारण पोटापुढे कोणाचाच राग फार दिवस टिकत नाही. पुलाच्या बरोबर मध्यावर एक पांढरा पट्टा रंगवला होता. आठवड्यातून तीन दिवस पलीकडचं इंजिन रिकामे डबे पट्ट्यापर्यंत ढकलून मागे निघून जायचं. मग अलीकडचं इंजिन जाऊन ते डबे ओढून आणायचं आणि त्या जागी भरलेले ठेवून परतायचं. मग पलीकडचं यायचं. भांडलेल्या दोन जावा उंबऱ्यावर ताट ठेवून एकमेकींचं तोंड न बघता निघून जातात, तसा तो व्यवहार. डब्यांचे आकडे आणि ब्रेकच्या नळ्या बघायला दोन्हीकडून एकेक माणूस पट्ट्यापर्यंत येई. अलीकडून हामूंगा येई. पलीकडून पिवळा रेनकोट घातलेला एक ठेंगणा माणूस येई. तो हामूंगाला नेहमी शंभर पावलांवरून, धुरातून दिसायचा. त्याचा चेहरा कधी दिसला नाही.

ती दोन बद्द चाकं गेली त्याच्या दुसऱ्या खेपेला हामूंगा रिकाम्या डब्याची नळी बघायला वाकला, तर डब्याच्या खालच्या पोलादी पट्टीवर, आतल्या अंगाला, जिथे धबधब्याचं पाणी पोचत नाही, तिथे खडूने लिहिलेलं होतं. टोंगात, म्हणजे त्याच्याच आईच्या भाषेत लिहिलं होतं, मिशनच्या शाळेत शिकवतात तशा गोल अक्षरांत: ‘हत्तीच्या पोरा, कान सुपाएवढे आणि चाकातली चीर ऐकू येत नाही?’

हामूंगा तिथेच वाकलेल्या अवस्थेत हसत सुटला. हा मधमाशीकुळाचा माणूस होता! दुसऱ्या कोणाची अशी लिहायची हिंमत नव्हती.

कूळ त्यांच्यात आईकडून येतं. हामूंगाची आई हत्तीकुळातली म्हणून तोही हत्ती. आणि हत्तीचं मधमाशीशी थट्टेचं नातं. मधमाशीवाल्याने हत्तीवाल्याला भर बाजारात काय वाट्टेल ते बोलावं, त्याच्या ताटातला मासा उचलून खावा. रागवायचं नाही, उलट तेवढीच झोंबरी शिवी परत करायची. ओळख लागत नाही. कूळ कळलं की पुरे. आणि घरात मयत झालं की सख्खे रडत बसतात, कामाला येतात ती हीच थट्टेची माणसं. हामूंगाचा मामा गेला तेव्हा मधमाशीकुळातली एक जाडजूड बाई मामाची टोपी घालून मामासारखी लंगडत अंगणभर फिरली होती. आत मढं, आणि ही बाहेरून ओरडत होती, “ऊठ रे आळशा, शेत काय तुझी सासू नांगरणार?” ओक्साबोक्शी रडणारी मामी हसली होती. हसल्याशिवाय सुतक सुटत नाही, असं तिकडे म्हणतात. आणि ती शिवी परत केल्याशिवायही सुटत नाही.

तर हामूंगाने भरलेल्या डब्याखाली उलट लिहिलं: ‘मधमाशीच्या अंड्या, आम्हाला ऐकू येतं. आमच्या साहेबाला येत नाही. तू कोण?’

त्याचं नाव सियांकोंडो निघालं. आणि महिन्याभरात त्याने हामूंगाच्या आईला शोधूनही काढलं.

तेव्हापासून आईची खबर खडूने यायला लागली, आणि ती नेहमी शिवीत गुंडाळून यायची. ‘तुझी म्हातारी माझ्याकडून तंबाखू उकळते. हत्तिणीला एवढा तंबाखू पुरवायचा तर मला मधाचा धंदा काढावा लागेल.’ हामूंगाने विचारलं, ‘छप्पर?’ दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘तसंच आहे. मी शाकारायला गेलो तर काठी घेऊन धावली. म्हणते, ज्याने उघडलं तो झाकेल. उघड्या बाजूला रेल्वेची ताडपत्री टाकून दिली आहे. ती चोरल्याबद्दल पकडलो तर तुझं नाव सांगेन.’

हामूंगाने ते चारदा वाचलं. त्याला आईचा भयंकर राग आला. चार पावसाळे अर्ध्या छपराखाली! त्याने लिहून पाहिलं, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. म्हातारी बधली नाही. सियांकोंडोने शेवटी लिहिलं, ‘ती म्हणते, छप्पर झाकलं की पोराला यायचं कारण उरत नाही.’ त्या दिवशी हामूंगा कामावरून सरळ घरी न जाता कड्यावर जाऊन बसला. तिथून पलीकडची टेकडी दिसते. टेकडीमागे गाव. गाव दिसत नाही, पण संध्याकाळी चुलींचा धूर वर येतो. धबधब्याच्या धुरातून चुलीचा धूर वेगळा ओळखू येतो का, हे कोणाला विचारू नये, लोक वेड्यात काढतात. हामूंगाला ओळखू यायचा. त्यातला आपल्या आईचा कुठला, एवढंच कळायचं नाही, आणि तेवढ्यासाठी जीव तुटायचा.

त्या वर्षी मे महिन्यात आलेली खबर लहान होती. ‘म्हातारीने चिलीम बाजूला ठेवली आहे. म्हणते चव लागत नाही.’ खाली शिवी नव्हती.

हामूंगाने बाकीच्या डब्यांखालीही वाकून पाहिलं.

त्याच आठवड्यात बॅरेट साहेब त्याच्याशी बोलला, एरवी कधी बोलायचा नाही तसं. साहेबाची बायको मुलांना घेऊन केव्हाच दक्षिणेकडच्या देशात निघून गेली होती. क्लबात पूर्वी चाळीस माणसं असायची, आता सहा उरली होती, आणि विलायती दारूऐवजी गावठी पिऊन तीही एकमेकांवर खेकसायची. साहेबाने हामूंगाला विचारलं, “तुझी आई पलीकडे आहे ना?”

“हो साहेब.”

“माझी विलायतेत, लीड्सला होती. मार्चमध्ये गेली. मला जाता आलं नाही. आमचा पासपोर्ट दाखवला तर तिथले लोक कागद परत देतात. म्हणतात, असा देशच नाही.” आणि मग उगाचच म्हणाला, “माझ्याच जन्मगावात, अं?”

हामूंगाला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. हे दार लावलं कोणी होतं? पण आई गेलेल्या माणसाला असं विचारता येत नाही. तो म्हणाला, “फार वाईट झालं साहेब.” साहेबाने मान हलवली आणि दोघे कामाला लागले.

त्या संध्याकाळी जेवताना हामूंगाने बायकोला, लुयांडोला, सांगितलं. मुली शेजारी गेल्या होत्या. तिने न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट गरम उकड वाढली होती, सोबत शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. हामूंगा घास वळत होता आणि तोंडात घालत नव्हता.

“मक्याच्या डब्यातून जातो,” तो म्हणाला. “पोत्यांच्या मध्ये जागा करायची. पट्ट्यापर्यंत मीच जातो. झटकन आत शिरलो तर धुरात कोणाला दिसणार नाही.”

“आणि येणार कसे?”

हामूंगाने तोच घास पुन्हा वळायला घेतला.

“म्हणजे येणार नाही,” लुयांडो म्हणाली. “सरळ सांगा ना. घास वळून वळून त्याचा दगड झाला.”

“आई आजारी आहे गं.”

“मला माहीत आहे. तुम्ही झोपेत चिलिमीसारखे गुरगुरता. हे क्वार्टर दुसऱ्या दिवशी काढून घेतील. पोलीस येतील. नवरा बंदूकवाल्यांना जाऊन मिळाला म्हणतील. मुलींना शाळेतून काढतील. एवढं तुम्ही धरलंय ना हिशेबात?”

“धरलंय.”

“मग मी जा म्हणणार नाही. जाऊ नका असंही म्हणणार नाही. ते म्हटलं आणि सासूबाई तिकडे गेल्या, तर जन्मभर तुम्ही माझ्याकडे बघाल तेव्हा मला तेच दिसेल. तुमच्या आईने छप्पर उघडं ठेवलं, आता घर उघडं टाकायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.”

असं म्हणून ती उठली. हामूंगाला वाटलं रागाने गेली. पण ती माळ्यावरून दोरीचं भेंडोळं घेऊन आली. चार वर्षांत साल वाळून लाकूड झाली होती. लुयांडोने बादलीत पाणी घेतलं आणि भेंडोळं त्यात बुडवलं. वाळलेली साल भिजल्याशिवाय वळत नाही, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मग ती भांडी घासायला बसली, आणि बराच वेळ एकच भांडं घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी हामूंगाने भरलेल्या डब्याखाली लिहिलं: ‘मंगळवारी मक्यातून येतो. म्हातारीला सांग, गवत कापून ठेव.’

मंगळवार उजाडला. भिजवलेली दोरी त्याने कामाच्या कपड्यांखाली कमरेला गुंडाळली. ती गार होती आणि तिच्यातून पाणी मांडीवर ओघळत होतं. मुली शाळेला निघाल्या तेव्हा धाकटीने विचारलं, “बाबा, तुम्ही जाड झालात?” तो म्हणाला, “तुझ्या आईच्या हातचं खाऊन.” लुयांडो दारात उभी होती. “लवकर या,” ती म्हणाली. रोज म्हणायची तेच, तशाच आवाजात म्हणाली. हामूंगाला मागे वळून बघायचं होतं. तो वळला नाही, कारण वळला असता तर गेला नसता.

यार्डात त्याने मक्याचा तिसरा डबा ठरवून ठेवला होता. पोत्यांवर देशाचं नाव नव्हतं, जिथे असायचं तिथे काळा चौकोन होता. हामूंगाने चाकांवर टोले दिले. सगळी धड वाजली. निदान आज तरी खोटी खूण करावी लागली नाही, याचं त्याला बरं वाटलं.

बॅरेट साहेब त्या दिवशी स्वतः इंजिनावर चढला. ड्रायव्हरांतही आता माणसं कमी पडत होती, जवान तेवढे लढायला नेले होते. पुलाच्या तोंडाशी शिपायाने फळी वर केली. धबधब्याचं पाणी वाऱ्याने पुलावर येत होतं, सगळ्यांची तोंडं ओली. पट्ट्यापाशी रिकामे डबे उभे होते. पलीकडचं इंजिन मागे गेलं होतं आणि लांब धुरात पिवळा रेनकोट दिसत होता.

आधी रिकामे डबे जोडून न्यायचे, मग भरलेले आणायचे. हामूंगा पहिल्या रिकाम्या डब्याशी वाकला. सवयीने आतल्या पट्टीवर नजर गेली. अक्षरं मोठी होती, घाई न करता काढलेली.

‘हत्तीच्या पोरा, तुझी म्हातारी भारी आळशी झाली. शनिवारपासून पडून आहे. ऊठ, दळण काय तुझी सासू दळणार, असं मी अंगणातून ओरडलो. कूससुद्धा बदलत नाही.’

हामूंगाने ते वाचलं. अर्थ लागायला काही वेळ लागला नाही. अंगणातून कधी ओरडतात, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने पुन्हा वाचलं, एखादं अक्षर दुसरं निघेल म्हणून. मग पाय ओढत तो दुसऱ्या डब्याशी गेला.

‘तिचं लुगडं नेसून, तिची चिलीम तोंडात धरून मी तिच्यासारखा खोकत फिरलो. तुझ्या मावश्या हसल्या. सगळं रीतीप्रमाणे झालं. तुझ्या वाटची मूठमाती मी टाकली. मधमाशीच्या हाताने तुमची हत्तीण गाडली गेली, आता काय करशील?’

तिसऱ्या डब्याशी तो वाकला. कमरेची दोरी पोटात रुतत होती.

‘तू मक्यातून येणार हे शुक्रवारी तिला सांगितलं. फार रागावली. म्हणाली, हत्ती काय पोत्यातून येतो? त्याला सांग, पुलावरून पायी ये, दिवसाउजेडी, बायकोमुलींना घेऊन. तोवर छपराला कोणी हात लावायचा नाही. असं म्हणून चिलीम मागितली, दोन झुरके ओढले. आता तू सांग. पावसाळा आला की भिंती जातील. शाकारू का?’

पुलावर धबधब्यापुढे माणसाचं रडणं ऐकू येत नाही, आणि तोंड सगळ्यांचंच ओलं असतं. हामूंगा मनसोक्त रडला. आई गेली होती. चार वर्षं दहा मिनिटांच्या वाटेवर ती थांबली होती, अर्ध्या छपराखाली, आणि शेवटच्या दिवशीही ती म्हणाली काय, तर पोत्यातून येऊ नको! मग त्याला सियांकोंडो आईचं लुगडं नेसून खोकत फिरताना दिसला, तो ठेंगणा, लुगडं जमिनीवर लोळत असणार, आणि रडता रडता हामूंगाला हसू फुटलं. ते थांबेना. पोट दुखेपर्यंत तो हसला.

“हामूंगा!” इंजिनावरून साहेब ओरडला. “मेलास का तिकडे?”

रिकामे डबे अलीकडे गेले, भरलेले पट्ट्यापर्यंत आले. इंजिन डब्यांपासून सुटून थोडं मागे सरलं. हामूंगा तिसऱ्या डब्याशी उभा होता. दाराची खिट्टी त्याने सकाळीच सैल करून ठेवली होती. एक हिसका दिला की आत. आईला बघायचं आता नव्हतंच. पण तिच्या मातीवर हात ठेवता आला असता, ते अर्धं छप्पर डोळ्यांनी बघता आलं असतं. त्याचा हात खिट्टीवर गेला.

पुलावरून पायी ये, म्हणाली होती. बायकोमुलींना घेऊन. जन्मात त्याने आईचं जे ऐकलं नव्हतं त्याची यादी मोठी होती. त्याने खिट्टी घट्ट बसवली.

मग त्याने खडू काढला. शिवी परत केल्याशिवाय सुतक सुटत नाही. अक्षरं वेडीवाकडी आली.

‘मधमाशीच्या अंड्या, तुमच्या जातीला फुलं लुबाडता येतात, गवत बांधता येत नाही. तू शाकारलेलं गळणारच. तरी शाकार. दोर माझा वापर. शेंड्यापाशी हातभर जागा सोड. ती मी येऊन भरीन. पायी येऊन.’

कमरेची दोरी सोडून त्याने डब्याच्या हुकाला अडकवली आणि मागे सरला.

पलीकडचं इंजिन आलं. पिवळा रेनकोट डब्यामागून डबा बघत तिसऱ्याशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला. बऱ्याच वेळाने उठला. दोरीचं भेंडोळं त्याने गळ्यात घातलं. मग पट्ट्याच्या अगदी काठाशी येऊन, शिपाई बघत असताना, त्याने दोन्ही तळवे कानांना लावले आणि हत्ती कान हलवतो तसे सावकाश हलवले. इतक्या वर्षांत हामूंगाला त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसला. म्हातारा होता. त्याच्या तोंडात दात थोडे होते आणि तोही रडत होता.

हामूंगाने हातोडी खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांचा, रेल्वेचा बिल्ला लावलेला बाप्या, त्याने दोन्ही हात खांद्याशी नेऊन पंखांसारखे फडफडवले आणि गिरक्या घेत मधमाशीसारखा गुणगुणला. ऐकू कोणालाच गेलं नाही.

साहेब इंजिनावरून उतरून त्याच्याजवळ आला होता. “हे काय माकडचाळे चाललेत? कोण आहे तो?”

“आमचा पाहुणा आहे साहेब,” हामूंगा म्हणाला. “समाचाराला आलाय.”

“कोण गेलं?”

“आई.”

साहेबाने पट्ट्याकडे बघितलं, मग डब्यांकडे. तुला कसं कळलं, असं त्याने विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ओला होत उभा राहिला.

पलीकडे गाडी निघाली. पिवळा रेनकोट तिच्यासोबत लहान होत गेला. हामूंगाने उजवा हात पुढे करून पाहिला, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत. तेवढी जागा तिकडे राहणार होती.

“चला साहेब,” तो म्हणाला. “मला लवकर घरी जायचंय. बायको वाट बघत असेल, आणि मी येणार हे तिला माहीत नाही.”